खात्यातून गेले म्हणजे पोचले असं नाही

अकाउंट्सला नवीन लागलात, छान. सुरुवातीला एकच गोष्ट पक्की करा: आपल्या खात्यातून रक्कम वजा झाली म्हणजे पार्टीला मिळाली असं नाही.

एनईएफटी (एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायची पद्धत) दर अर्ध्या तासाच्या बॅचने, म्हणजे गठ्ठ्याने, जातं. बॅचमधली सगळी देणी-घेणी वजा-बेरीज होऊन प्रत्येक बँकेची निव्वळ रक्कम रिझर्व्ह बँकेकडच्या खात्यात मिटते. त्यानंतर दोन तासांत समोरच्या बँकेने जमा करायचं, नाहीतर परत पाठवायचं. तेव्हा दहा मिनिटांत "आले नाहीत हो" असा फोन आला (३१ मार्चला येणारच), तर घाबरून पुन्हा पाठवू नका. नवख्यांची सगळ्यात महागडी चूक हीच. आरटीजीएस ही पैसे पाठवायची दुसरी पद्धत; तिला बॅच नाही, एकेक व्यवहार स्वतंत्र मिटतो. पण किमान २ लाख लागतात.

आणखी काही:
- पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, नावावर नाही. नवीन पार्टी असेल तर नाव पडताळायची सोय नेटबँकिंगमध्ये आहे, ती वापराच.
- आयएफएससीतलं (बँक शाखेच्या कोडमधलं) पाचवं अक्षर शून्य असतं, 'ओ' नव्हे.
- यूटीआर (त्या व्यवहाराचा बँकेचा संदर्भ क्रमांक) लगेच व्हाउचरवर लिहा. बँक शोध घेते तो त्यावरूनच. नुसता स्क्रीनशॉट दाखवून काही होत नाही.

पैसे परत येण्याची कारणं, उशिराचं व्याज वगैरे लागेल तेव्हा विचारा.