एम-वन गॅरंडचं गॅस पोर्ट घरी ड्रिलने मोठं केलं. रायफल परत नीट होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पेनसिल्व्हेनियात तुम्हाला सासऱ्यांची जुनी एम-वन गॅरंड, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी सैन्याची रायफल, मिळाली. गोळी झाडल्यावर पुढचं काडतूस आपोआप चढत नव्हतं. तुम्ही आधी गॅस सिलिंडर, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकाखालची नळकांडी, आतून काचपेपरने घासून चकचकीत केला. त्याने काही झालं नाही, म्हणून नळीतलं गॅस पोर्ट, म्हणजे गॅस बाहेर काढणारं बारीक भोक, हातड्रिलने 7/64 इंची बिट घालून मोठं केलं. आता काडतूस चढतं, पण रिकाम्या पुंगळ्या जोरात पुढच्या बाजूला उडतात आणि ऑपरेटिंग रॉड, म्हणजे बोल्टला मागेपुढे नेणारा दांडा, एकदा खोबणीतून निसटला.

नीट होईल. पण तोवर एकही गोळी झाडू नका, ‘फक्त बघायला’ म्हणूनसुद्धा नाही.

मी पिंपरीत अकरा वर्षं टूलरूममध्ये काढली, आता ओहायोत तेच काम करतो आणि गॅरंडने टार्गेटवर नेम धरतो. त्यामुळे या दुरुस्तीकडे मी आधी मापाच्या बाजूने बघतो.

या रायफलमध्ये गोळी नळीच्या तोंडापासून साधारण दीड इंच मागे असलेल्या बारीक भोकावरून जाते, तेव्हा थोडा गॅस त्या भोकातून खाली सिलिंडरमध्ये शिरतो. तिथे ऑपरेटिंग रॉडचं टोक दट्ट्यासारखं बसलेलं असतं. गॅस त्याला मागे ढकलतो, रॉड बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा तुकडा) उघडतो, पुंगळी बाहेर पडते, आणि स्प्रिंग सगळं परत पुढे आणताना नवं काडतूस घेऊन येते. जॉन गॅरंडच्या सुरुवातीच्या रचनेत नळीला भोकच नव्हतं, गॅस नळीच्या तोंडाशी अडवून वापरला जाई. अमेरिकी सैन्याने रायफल 1936 मध्ये स्वीकारली आणि 1940 च्या सुमाराला ती पद्धत सोडून नळीत पोर्ट आलं. म्हणजे ते भोक खूप विचारांती पाडलेलं आहे. त्याचा व्यास सुमारे 0.079 इंच, जवळजवळ 2 मिलिमीटर. 7/64 म्हणजे 0.109 इंच. व्यासातला फरक किरकोळ वाटतो, पण गॅसला वाट देतं ते क्षेत्रफळ, आणि ते जवळपास दुप्पट झालंय.

आपल्याकडच्या सैन्यातल्या लोकांना जुनी एसएलआर रायफल आठवत असेल. तिला गॅस रेग्युलेटर असतो, फिरवला की गॅस कमीजास्त होतो. गॅरंडला तशी सोय नाही. जे काही नियंत्रण आहे ते त्या भोकाच्या मापात आणि दट्ट्या-सिलिंडरच्या फटीत आहे, आणि तुमच्याकडे ही दोन्ही मापं बिघडली आहेत.

सिलिंडरबद्दल मला जास्त वाईट वाटतं, कारण माझ्या मते खरी गडबड तिथूनच वाढली. गॅरंडचा सिलिंडर स्टेनलेस स्टीलचा असतो आणि आतलं माप फार काटेकोर असतं. 0.532 इंचाच्या वर गेला की तो बाद. दट्ट्याचं टोक नवं असताना 0.526 इंचाच्या आसपास, आणि 0.525 च्या खाली गेलं की बदलायचं. टूलरूममध्ये आपण ज्याला ‘थाउ’ म्हणतो, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, असे सहा-सात थाउच काय ते मधे असतात. ड्रिलला काचपेपर गुंडाळून दोन मिनिटं फिरवलं तरी एखाद-दोन थाउ सहज जातात, आणि तेही सगळीकडे सारखे नाही. गॅस बाजूने गळायला लागला, रॉडला जोर कमी पडला. मग तुम्ही पोर्ट वाढवलं. गळक्या बादलीत पाणी टिकेना म्हणून नळ मोठा सोडावा, तसं झालं.

मूळ बिघाड मात्र बहुधा याहून साधा असावा. सिलिंडरच्या पुढच्या तोंडाला एक जाड स्क्रू असतो, गॅस प्लग. तो थोडा जरी सैल असला तरी गॅस पुढून निसटतो आणि गॅरंड नेमकं तुम्ही सांगितलं तसंच वागते. माझ्याकडे ‘भरत नाही’ म्हणून दाखवायला आणलेल्या गॅरंडमध्ये मी पहिला हात तिथे घालतो, आणि बऱ्याचदा काम तिथेच संपतं. दुसरं कारण म्हणजे वाळून चिकट झालेलं ग्रीस. या रायफलला रॉडच्या खोबणीत आणि बोल्टच्या लग्जवर (त्याला जागेवर अडकवणाऱ्या कानांवर) ग्रीस लागतं, नुसतं तेल पुरत नाही. सिलिंडर आणि दट्ट्या मात्र कोरडे ठेवायचे.

आता दुरुस्तीचा क्रम. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण उलटा केलात तर रायफल आणखी बिघडेल. तुम्ही लिहिलंय की नवा सिलिंडर मागवणार आहात. थांबा. आत्ता सिलिंडर गळतोय म्हणूनच मोठ्या पोर्टचा थोडाफार गॅस वाया जातोय. घट्ट सिलिंडर बसवला आणि पोर्ट तसंच राहिलं, तर तो सगळा जोर रॉडवर येईल. बोल्ट रिसीव्हरच्या (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या मुख्य सांगाड्याच्या) मागच्या टाचेवर आणखी आदळेल. रॉड बदलता येतो. रिसीव्हरला तडा गेला तर सासऱ्यांची रायफल संपली.

म्हणून आधी नळी तपासा. चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) आणि काडतुसांची क्लिप रिकामी आहे हे डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा, मगच रायफल सोडवा. हातड्रिलने खालून भोक पाडताना बिटचं टोक बहुतेक वेळा आरपार जाऊन समोरच्या, म्हणजे वरच्या बाजूच्या आतल्या आट्यांना, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांना, लागतं. क्लीनिंग रॉडला घट्ट बसेल असा सुती कापडाचा तुकडा लावून तो हळूहळू ओढा. तोंडापासून दीड इंचावर अडकला तर तिथे बर (ड्रिलने उठलेली धातूची धारदार कड) उठलाय किंवा खाच पडलीय. बर असेल तर तो कानशीने किंवा चाकूने खरवडू नका. आतून काढायचं काम गनस्मिथचं आहे. खाच पडली असेल तर नळी बदलायची, त्याला दुसरा इलाज नाही.

मग ऑपरेटिंग रॉड. तो टेबलावर ठेवलात की वाकडा दिसेल. तो तसाच असतो! कारखान्यातच त्याला ठरवून बाक दिलेला असतो, नळीला वळसा घालून जाता यावं म्हणून. चांगले रॉड ‘सरळ’ करून वाया घालवलेले मी पाहिलेत, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. खरी परीक्षा अशी: दस्ता आणि स्प्रिंग काढून फक्त रॉड आणि बोल्ट जागेवर ठेवा. नळी वर केली की दोन्ही आपल्या वजनाने मागे घसरले पाहिजेत, खाली केली की पुढे. कुठे अडखळले तर रॉड नको तिथे वाकलाय किंवा घासतोय. खोबणीतून एकदा निसटला म्हणजे त्याचा कान आणि खोबणीची कड दोन्ही भिंगाखाली बघा. स्प्रिंगही मोजा. नवी साधारण 20 इंच असते, 19 च्या खाली आली की बदला.

पोर्टसाठी दोन वाटा आहेत. नळी आतून निर्दोष निघाली तर समायोजनाची सोय असलेला गॅस प्लग मिळतो. त्याला पुढे भोक असतं, त्यातून जास्तीचा गॅस सोडून देता येतो. आधी नवा सिलिंडर आणि मापात बसणारा रॉड बसवायचा, प्लग पूर्ण उघडा ठेवायचा, एकेक काडतूस झाडत तो थोडाथोडा बंद करत जायचं, आणि बोल्ट दर वेळी मागे जाऊन अडकायला लागला की थांबायचं. काडतुसं गॅरंडसाठी बनवलेलीच घ्या. शिकारीसाठीची जड गोळीची .30-06 (गॅरंडच्याच मापाची) काडतुसं पोर्टपाशी जास्त दाब देतात, आणि तुमच्या पोर्टला ते अजिबात सोसणार नाही. ही वाट स्वस्त आहे आणि चालते, पण रायफल कायम त्या प्लगवर अवलंबून राहील. कोणीतरी नकळत जुना प्लग परत लावला की पहिले पाढे पंचावन्न.

दुसरी वाट म्हणजे नवी नळी. मी असतो तर हीच घेतली असती. ती बसवायला बॅरल व्हाइस (नळी घट्ट धरणारा शिकंजा) लागतो, पुढच्या सिलिंडरच्या खाचा रिसीव्हरशी सरळ रेषेत आणाव्या लागतात, चेंबरचं शेवटचं रीमिंग (कोरून मापात आणणं) करून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबरमधलं काडतुसासाठीचं अंतर, गेजने तपासावा लागतो. हे घरी करू नका. गॅरंडचं काम नेहमी करणारा गनस्मिथ शोधा आणि त्याला काचपेपर, ड्रिल, बिटचं माप, सगळं खरं सांगा. लाजू नका, त्याचा निम्मा वेळ वाचेल. पोर्टला वेल्डिंग करून नव्याने भोक पाडून देतो असं कोणी म्हणालं तर रायफल परत घेऊन या. तोंडापासून दीड इंचावर एवढी उष्णता दिली की नळीची अचूकता गेलीच.

महाराष्ट्रातून हे वाचणाऱ्यांसाठी: आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 नुसार शस्त्राची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. परवान्याची बंदूक असली तरी घरी उघडून हे प्रयोग करू नका, परवानाधारक दुकानातच न्या.

जुनी नळी आणि घासलेला सिलिंडर टाकू नका. तेल लावून, कापडात गुंडाळून, चिठ्ठीवर तारीख आणि माप लिहून ठेवा. नळीवर पोर्ट ‘0.109, झाडू नये’ असं रंगाने लिहा, म्हणजे पुढे कोणी ती चुकून परत बसवणार नाही. दट्ट्या आणि सिलिंडरची मापं घेतलीत की इथेच खाली लिहा, मी बघून सांगतो.