मुलीला इंदूरमध्ये घोडेस्वारी शिकवायची आहे, पण रेसच्या घोड्यांचे हाल वाचून मन धजावत नाही. काय करावं?

ताई, तुमची ११ वर्षांची मुलगी इंदूरची घोडेस्वार सुदीप्ती हजेला हिचं आशियाई स्पर्धेतलं पदक पाहिल्यापासून घोड्याचा हट्ट धरून बसली आहे आणि तुम्ही मात्र शर्यतीत पाय मोडून मेलेल्या घोड्यांबद्दल वाचून अस्वस्थ आहात. रेस वेगळी आणि घोडेस्वारी वेगळी, असं मानून चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी पशुवैद्य आहे. महूला शिकलो, काही वर्षं पुण्यात रेसच्या घोड्यांवर काम केलं, आता इंदुरातच प्रॅक्टिस करतो. तसं मानून चालणार नाही, असं माझं मत आहे. पण म्हणून मुलीला अडवू नका.

घोडा तोच असतो, हे त्याचं कारण. आपल्याकडच्या रायडिंग क्लबांत जे उंच, सडपातळ थरोब्रेड (शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीचे घोडे) दिसतात, त्यातले बरेचसे मुंबई-पुणे, हैदराबाद, बेंगळुरूच्या रेसमधून उतरलेले असतात. नीट सांभाळला तर घोडा २५ वर्षं सहज जगतो. रेसमधलं त्याचं काम बहुधा पाच-सहा वर्षांच्या वयातच संपतं. पुढचं सगळं आयुष्य त्यानं कुठे आणि कसं काढायचं, हा प्रश्न मालकाच्या यादीत शेवटी येतो. तुमची मुलगी ज्याच्या पाठीवर बसणार आहे, तो कदाचित त्यातलाच एक असेल.

तुम्ही वाचलंय ते खरं आहे. दीड-दोन वर्षांच्या शिंगरावर खोगीर चढतं. तेव्हा त्याच्या गुडघ्याजवळचं हाड अजून पुरतं जुळलेलं नसतं, पाठीच्या मणक्यांना तर पाच-सहा वर्षं लागतात. लहान वयात माफक पळण्यानं हाड घट्ट होतं, हेही खरं आहे, कुरणात सोडलेली शिंगरं स्वतःहून पळतातच. बिघडतं ते भरधाव सराव आणि विश्रांती यांचा मेळ बसत नाही तेव्हा. हाडात बारीक चिरा पडतात, त्यांना भरून यायला आठवडे लागतात, आणि शर्यतीची तारीख तर ठरलेली असते. अशा वेळी वेदनाशामक देऊन घोडा उभा केला, तर दुखत नाही म्हणून तो जीव तोडून पळतो आणि चिरलेलं हाड मैदानात तुटतं. लोकांना तो अपघात वाटतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ते हाड आधीपासूनच खराब होत आलेलं असतं. म्हणून शर्यतीआधीची कसून तपासणी आणि औषधांची चाचणी याला मी चाबकाच्या प्रश्नापेक्षाही जास्त महत्त्व देतो. चाबकाबाबत निदान नियम तरी होत आहेत: नॉर्वेनं १९८२ मध्येच घोडा पळवण्यासाठी चाबूक मारायला बंदी केली, ब्रिटनमध्ये सपाट शर्यतीत ६ पेक्षा जास्त फटके मारले तर जॉकीवर कारवाई होते.

पाय मोडला की मारूनच का टाकतात, हेही तुम्ही विचारलंय. साडेचारशे-पाचशे किलोचा प्राणी महिनोन्‌महिने आडवा राहू शकत नाही. तीन पायांवर उभा राहिला, तर उरलेल्या पायांच्या खुरांतल्या आतल्या थराला सूज येते आणि खूर सुटू लागतो. अमेरिकेतल्या बार्बारोनं मे २००६ मध्ये केंटकी डर्बी जिंकली आणि दोनच आठवड्यांनी पुढच्या मोठ्या शर्यतीत त्याचा मागचा पाय मोडला. मालकांनी पैसा, डॉक्टर, काही कमी पडू दिलं नाही. तरी शेवटी खुरांनीच दगा दिला आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला शांत करावं लागलं.

पण पुण्यात मला सगळ्यात जास्त छळलं ते मैदानावरच्या दृश्यानं नाही. पहाटेचा सराव आटोपला की घोडा तबेल्यात जातो आणि दिवसाचे बावीस-बावीस तास त्या चार भिंतींत उभा असतो. घोडा कळपात राहणारा, दिवसाचे पंधरा-सोळा तास चरणारा प्राणी. पोट त्या मानानं लहान, आणि त्यात आम्ल अखंड पाझरत राहतं. चारा नसेल तर ते आम्ल पोटालाच खातं. शक्ती यावी म्हणून चंदी (धान्याचा खुराक) भरपूर आणि वैरण मोजकी दिली की अल्सर ठरलेला. मग घोडा दाराचं लाकूड दातांत धरून हवा गिळतो, नाहीतर उभ्या जागी तासन्‌तास डावी-उजवीकडे डुलतो. मोतद्दार (घोड्यांची देखभाल करणारे) म्हणतात, 'याला खोड लागली.' ती खोड नाही, तो त्या प्राण्याचा कंटाळा आणि भूक आहे. आणि हे रेसच्या तबेल्यात जितकं घडतं तितकंच एखाद्या चकचकीत रायडिंग क्लबातही घडू शकतं.

ऑलिंपिकमधली घोडेस्वारी म्हणजे सगळं सभ्य, असंही नाही. टोकियोत २०२१ मध्ये आधुनिक पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेत एक बिथरलेला घोडा उडी घ्यायला तयार नव्हता. रडणाऱ्या स्वाराला प्रशिक्षक 'मार, जोरात मार' म्हणून ओरडत होती, आणि तिनं स्वतः घोड्याला ठोसा मारला. तिला स्पर्धेतून काढलं. पुढे २०२४ च्या पॅरिसनंतर त्या खेळातून घोडाच वगळण्यात आला. पॅरिसच्या तोंडावर ड्रेसाजमधली (घोड्याकडून ठरलेल्या हालचाली अचूक करून घेण्याचा प्रकार) ब्रिटनची सुवर्णपदक विजेती शार्लट दुजार्दिन हिचा शिकवताना घोड्याच्या पायांवर वारंवार चाबूक मारतानाचा व्हिडिओ बाहेर आला आणि तिनं माघार घेतली. तिच्यावर वर्षभराची बंदी आली.

तरीही ड्रेसाजबद्दल मला आशा वाटते ती वयामुळे. ग्रां प्री या सर्वोच्च दर्जाच्या स्पर्धेत ८ वर्षांखालचा घोडा चालतच नाही. हा खेळ घाईनं शिकवताच येत नाही. आपल्या इंदूरच्या सुदीप्तीनं अनुष अगरवाला, हृदय छेडा आणि दिव्यकृती सिंग यांच्यासोबत २६ सप्टेंबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीत भारताला ४१ वर्षांनी मिळालेलं ते सुवर्ण. मुलीला तो व्हिडिओ पुन्हा दाखवाल तेव्हा सांगा, की अशा घोड्याला तिथवर आणायला वर्षं लागतात.

एक गोष्ट इथेच बोलून घेतो. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या घोड्यांसाठी हळहळणारी आपली माणसं इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीत डीजेच्या भिंतीसमोर थरथरणाऱ्या वरातीच्या घोडीकडे बघतही नाहीत. काटेरी लगामाला १९६५ च्या नियमांनी बंदी आहे, तरी तो सर्रास दिसतो. प्राण्यांशी क्रूरतेच्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. तुमच्या घरच्या लग्नात घोडी येणार असेल, तर तिच्या तोंडात काय आहे ते आधी पाहा.

आता क्लब. इंदूर आणि महूकडे शिकायची सोय आहे. नावापेक्षा तबेला पाहून ठरवा. न सांगता, दुपारी जा, म्हणजे सकाळची झाडझूड उतरलेली असेल. समोर वैरण आहे का, पाणी स्वच्छ आहे का, घोड्यांना एकमेकांची तोंडं दिसतात का, दिवसातून थोडा वेळ तरी त्यांना मोकळं सोडतात का? पाठीवर खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके असतील, तर तिथे पूर्वी जखमा होत्या. ओठांच्या कोपऱ्यात व्रण असतील, तर लगाम ओढणारे हात कठोर आहेत. नालबंद दर सहा-आठ आठवड्यांनी येतो का, वर्षातून एकदा दात घासतात का, ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणी झाली आहे का, हे विचारा. ग्लँडर्स माणसालाही होतो, त्यामुळे विचारायला संकोच नको. एका घोड्याला दिवसात दोन-तीन धडे पुष्कळ झाले. मे महिन्यात सकाळी आठनंतर शिकवणी चालू असेल, तर ती जागा सोडा.

पहिले काही महिने मुलीला फक्त बसायला पाठवू नका. खरारा करणं (घोड्याचं अंग घासणं), खूर साफ करणं, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) बांधण्याआधी पाठीवरून हात फिरवून घोडा कुठे आकसतो ते पाहणं, हे मोतद्दाराकडून शिकू दे. ते त्याला जितकं ठाऊक असतं तितकं आम्हा डॉक्टरांनाही नसतं. हेल्मेट मात्र स्वतःचं घ्या.

पैसे भरण्याआधी एकच विचारा: इथले जे घोडे म्हातारे झाले किंवा लंगडे झाले, ते आज कुठे आहेत? चांगली माणसं तुम्हाला मागच्या पागेत नेऊन ते दाखवतील, किंवा कोणाकडे दिले ते गावासकट सांगतील. 'विकून टाकले' एवढ्यावर थांबले, तर तिथे मुलीचं नाव घालू नका.