इसाराआधीची चौकशी : घरखरेदीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे घर किंवा प्लॉट घेण्याविषयीची आहेत. बहुतेक पत्रलेखक इसार देऊन मोकळे झाल्यावर सल्ला विचारतात, याचे मला फार वाईट वाटते; कारण वकिलाला जे काम करता येते, त्यातला मोठा वाटा इसाराच्या आधीचा असतो. त्या दृष्टीने निवडलेली चार पत्रे या अंकात घेतली आहेत.

प्रश्न : माझा चुलत भाऊ मुंबईत फ्लॅट घेत आहे आणि कागदपत्रांचे सगळे काम त्याने एका सॉलिसिटरकडे सोपवले आहे. आमच्याकडे दस्तलेखक खरेदीखत लिहून देतो आणि दुसऱ्या दिवशी रजिस्ट्री होते. मग वेगळा वकील कशाला करायचा? (एक वाचक, लातूर)

सॉलिसिटर ही मुंबईतील जुनी परंपरा आहे. तेथे त्यासाठी वकिलांची वेगळी परीक्षा असते आणि मालमत्तेचे दस्त, करार व मालकी हक्काची तपासणी हे त्यांचे मुख्य काम असते. मराठवाड्यात हेच काम दिवाणी बाजू पाहणारे वकील करतात, त्यामुळे पाटीवर सॉलिसिटर हा शब्द नसला तरी काही बिघडत नाही.

दस्तलेखकाचे काम मात्र वेगळे आहे. आपण जे सांगाल ते तो योग्य नमुन्यात लिहून देतो. विकणारा खरोखर मालक आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी त्याची नसते. दुय्यम निबंधकही दस्त करून देणाऱ्याची ओळख, त्याची कबुली, मुद्रांक शुल्क आणि जोडलेली आवश्यक कागदपत्रे पाहतो, परंतु मालकी हक्काचा मुळापासून निवाडा करणे हे त्याचे काम नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 2025 साली तामिळनाडूतील एका प्रकरणात हेच स्पष्ट केले आहे. त्यामुळे 'रजिस्ट्री झाली, म्हणजे सरकारने तपासले' हा समज सोडून द्यावा. ज्याचा हक्कच नाही त्याने रीतसर नोंदवून दिलेल्या खरेदीखतानेही आपल्याला त्याच्याजवळ होते तेवढेच मिळते.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. परभणीत एक जुने घर मला पसंत पडले आहे. विकणाऱ्यांच्या वडिलांनी ते 1978 साली स्वतःच्या कमाईतून घेतले. वडील 1996 मध्ये आणि आई त्यानंतर वारली; मृत्युपत्र नाही. मिळकत पत्रिकेवर दोन्ही भावांची नावे आहेत. त्यांची एक बहीण हिंगोलीला दिली आहे, पण 'तिच्या लग्नात खर्च झाला, तिचा आता हक्क नाही, शिवाय वडील 2005 च्या आधीच वारले' असे भाऊ म्हणतात. आठ दिवसांत तीन लाख इसार रोख द्या, बाँडवर लिहून नोटरी करू, असा त्यांचा आग्रह आहे. देऊ का? (एक वाचक, परभणी)

ताई, सध्या एक रुपयाही देऊ नका.

आधी बहिणीचे पाहू. हिंदू उत्तराधिकार कायद्याची 2005 ची जी दुरुस्ती भाऊ सांगत आहेत, ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेतील मुलींच्या जन्मसिद्ध हक्काविषयी आहे. हे घर वडिलांनी स्वकष्टाने घेतलेले आहे. अशी मालमत्ता मृत्युपत्र न करता मागे राहिली, तर याच कायद्याप्रमाणे ती पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारख्या वाट्याने मिळते, आणि हा नियम 1956 पासूनचा आहे. आई मृत्युपत्र न करता वारली असेल, तर तिचा वाटाही याच तीन भावंडांकडे गेला. आजी वडिलांच्या मागे हयात होती का, एवढे मात्र विचारून घ्यावे. थोडक्यात, आज त्या बहिणीचा घरात एक तृतीयांश हिस्सा आहे. लग्नातील खर्चाने तो संपत नाही आणि मिळकत पत्रिकेवर नाव नसल्यानेही संपत नाही, कारण फेरफाराची नोंद ही मुख्यतः सरकारी दप्तरासाठी असते. तिने मालकी निर्माण होत नाही आणि बुडतही नाही.

वारसाचा फेर ज्या अर्जावरून झाला, त्याची नक्कल अवश्य मागवा. अशा नकला मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. वारसांच्या यादीत मुलांची नावे वयानिशी लिहिलेली असतात, खाली पंचांच्या सह्या किंवा अंगठे असतात, आणि मुलींसाठी एक ओळही नसते. शेजारीपाजारी सगळ्यांना ठाऊक असलेली लेक कागदावर जन्मलेलीच नसते. ती नक्कल हातात आल्यावर भावांशी वाद घालण्याची गरज उरत नाही. नाव कोठे गळाले, ते समोर दिसते.

यावर उपाय कठीण नाही. बहिणीने खरेदीखतावर भावांच्या बरोबरीने 'लिहून देणार' म्हणून सही करावी आणि तिच्या वाट्याची रक्कम तिच्याच बँक खात्यात जावी. तिला खरोखर काही घ्यायचे नसेल, तर तिने आधी भावांच्या नावे हक्कसोडपत्र नोंदवून द्यावे. तोंडी सोडलेला हक्क किंवा साध्या कागदावरची संमती यांवर विसंबू नये. विकणाऱ्यांपैकी कोणी वारला असेल आणि त्याची मुले अज्ञान असतील, तर त्यांच्या हिश्शासाठी न्यायालयाची परवानगी लागेल का, हेही वकिलाला विचारा. परवानगीविना झालेली विक्री मूल सज्ञान झाल्यावर आव्हानात येऊ शकते.

आता इसाराविषयी. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54 प्रमाणे विक्रीच्या कराराने घरात कोणताही हक्क निर्माण होत नाही. तो पुढे खरेदीखत करून मागण्याचा आधार असतो, आणि त्यासाठीचा दावाही साधारणतः तीन वर्षांच्या मुदतीत लावावा लागतो. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, म्हणून रोख मागणाऱ्यांना तेवढे सांगून चेक किंवा आरटीजीएसचाच आग्रह धरा. चौकशी समाधानकारक झाली तर इसारपत्र करा, परंतु त्यात तिन्ही भावंडांच्या सह्या असाव्यात, मूळ कागदांची यादी असावी, आणि मालकीत दोष निघाल्यास किती दिवसांत रक्कम परत मिळेल हे स्पष्ट लिहिलेले असावे.

माझ्या थोरल्या मामांनी एका तालुक्याच्या गावी असेच घर घेतले होते. इसाराची रक्कम दिली, दोन भावांकडून खरेदीखतही झाले आणि सहा महिन्यांनी बहिणीने वाटणीचा दावा लावला. ती बाई चुकीची नव्हती, मामाही लबाड नव्हते. दावा चालला तोवर मामांना घर दुरुस्त करता आले नाही, विकता आले नाही, आणि त्यावर कर्जही मिळाले नाही. इसाराआधी दुपारभर कागद पाहिले असते, तर ती वर्षे वाचली असती, असे मला आजही वाटते.

प्रश्न : नांदेडला पुनर्विक्रीचा फ्लॅट घेत आहे. बँकेच्या पॅनेलवरील वकिलाने कागद पाहून कर्ज मंजूर केले आहे. पुन्हा स्वतःचा वकील लावणे म्हणजे दुहेरी खर्च नाही का? विकणारा म्हणतो, मूळ खरेदीखत हरवले आहे, नक्कल देतो. (एक वाचक, नांदेड)

बँकेचा वकील बँकेचे कर्ज सुरक्षित आहे का, एवढे पाहतो. त्याचा अहवाल बँकेसाठी असतो, आणि पुढे दोष निघाला तरी हप्ते आपल्यालाच भरावे लागतात. आपला वकील दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक 2 (इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची मिळकतवार यादी) च्या नोंदी साधारणतः 30 वर्षे मागे जाऊन पाहतो. गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याची मुदत कायद्याने 30 वर्षे ठेवली आहे, हे त्यामागचे एक कारण आहे. याखेरीज तो सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, भोगवटा प्रमाणपत्र आणि विकणाऱ्याच्या नावे न्यायालयात चालू असलेले दावे पाहतो.

हरवलेल्या मूळ खरेदीखताकडे मात्र फार गांभीर्याने पाहा. कागद खरेच हरवतात, हे मान्य आहे. परंतु मूळ खत बँकेत किंवा एखाद्या सावकाराकडे तारण ठेवलेले असते, तेव्हाही ते असेच 'हरवते'. पोलिसांत तक्रार, दैनिकात जाहीर नोटीस, निबंधक कार्यालयाची प्रमाणित नक्कल आणि विकणाऱ्याचे प्रतिज्ञापत्र एवढे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. जाहीर नोटिशीला हरकत आली नाही, म्हणून कोणाचा हक्क बुडतो असे नाही; आपण पुरेशी काळजी घेतली होती, याचा तो पुरावा असतो. फ्लॅटची किंमत 50 लाख किंवा त्याहून अधिक असेल, तर एक टक्का आयकर कापून भरण्याची जबाबदारीही घेणाऱ्याची आहे.

प्रश्न : जालन्याजवळ शेतजमिनीत पाडलेला प्लॉट घेऊन घर बांधायचे आहे. सातबारा विकणाऱ्याच्या नावे आहे आणि 30 वर्षांचा सर्च रिपोर्टही स्वच्छ आहे. एवढे पुरे आहे का? (एक वाचक, जालना)

मराठवाड्यात एवढे पुरत नाही. आपला भाग 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता, म्हणून येथील जमिनीची मूळ स्थिती त्या काळच्या कायद्यांवरून आणि दप्तरावरून ठरते. आपल्या वकिलाला 1954-55 चे खासरा पत्रक काढायला सांगा. त्यात जमिनीचा कब्जेदार कोण होता, कूळ कोण होते, जमीन इनामी होती का, हे दिसते. कुळाचे नाव असेल, तर 1950 च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याखाली पुढे काय झाले ते पाहावे लागेल. जमीन देवस्थानाची किंवा खिदमतमाश (धार्मिक स्थळाच्या सेवेसाठी दिलेले) इनाम असेल, अथवा वक्फची नोंद असेल, तर सातबारा कितीही स्वच्छ दिसला तरी थांबावे. सातबारावर 'भोगवटादार वर्ग 2' असे लिहिलेले आढळल्यास सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी मिळाली आहे का आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम) भरला आहे का, हे लेखी पाहिल्याशिवाय बोलणीही पुढे नेऊ नयेत. खासरा पत्रक तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळते. सोबतचे जुने कागद उर्दूत किंवा मोडीत असले, तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे. तो खर्च टाळू नये.

दुसरी बाब रेखांकनाची. विकणारा दाखवतो तो रंगीत नकाशा बाजूला ठेवून, सक्षम अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याचे मंजूर रेखांकन आणि अकृषिक परवानगीचा आदेश मागा. मग तो नकाशा हातात घेऊन जागेवर जा, रस्त्यापासून पावले मोजा आणि आपला प्लॉट क्रमांक खुल्या जागेवर किंवा रस्त्यावर येत नाही ना, ते पाहा. मंजूर रेखांकनच नसेल, तर तो प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीविना गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेला, समजावा. गुंठेवारी नियमित करण्याचा 2001 चा कायदा 2021 मध्ये दुरुस्त होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना आणि प्लॉटना लागू झाला आहे, परंतु प्लॉट नियमित होईल हे विकणाऱ्याचे तोंडी आश्वासन आणि नियमितीकरणाचे प्रमाणपत्र यांत फार अंतर आहे. ते प्रमाणपत्र विकणाऱ्यानेच आधी आणून द्यावे, आणि तोपर्यंत इसार देऊ नये.