संशोधनाचा सरकारी धोरणाला खरंच उपयोग होतो, की प्रबंध कपाटात धूळ खातात?

होतो. पण मोजणी प्रामाणिक हवी आणि ती वेळेत योग्य टेबलावर पोचायला हवी. मी कोल्हापुरात समाजशास्त्रात संशोधन केलंय, त्या अनुभवावरून सांगतो.

गळीत हंगामात आमच्याकडे बीडहून ऊसतोड टोळ्या येतात. करवीर तालुक्यातल्या एका तळावर मी प्रश्नावली घेऊन कोप्यांमधून, म्हणजे त्यांच्या झोपड्यांमधून, फिरत होतो. "मुलं शाळेत जातात का?" बहुतेक जणी म्हणाल्या, "जातात." ते खोटंही नव्हतं, गावाकडच्या पटावर नावं होतीच. एका कोपीत मात्र आठ-नऊ वर्षांची मुलगी तान्ह्या भावाला कडेवर घेऊन चुलीपाशी उभी होती. मी प्रश्न बदलला, "ताई, काल दिवसभर ही कुठं होती?" "हितंच. बाळाला कोन बघनार? आम्ही अंधारातच फडात जातो." आधीचे सगळे फॉर्म मी रद्द केले आणि पहिल्या कोपीपासून पुन्हा सुरुवात केली.

पुढची चूक माझीच. अहवाल इंग्रजीत लिहिला आणि मे महिन्यात एका कार्यालयात दिला. तोवर टोळ्या गावी परतल्या होत्या. ते अजून सलतं. पुढच्या वर्षी दिवाळीआधी दोन पानांचं मराठी टिपण नेलं. त्या हंगामात जवळच्या शाळेतले गुरुजी तळावर येऊन पोरांची नावं लिहून घेऊन गेले.

मोठं उदाहरण हवं असेल तर गडचिरोलीचं बघा. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं, शेजारच्या गावांशी बालमृत्यू ताडून पाहिले आणि १९९९ साली निष्कर्ष छापले. २०११ पासून देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्यामागे हे काम आहे.

आणि कोल्हापूरकराला हे नवं वाटू नये. १८९४ साली कोल्हापूर संस्थानच्या दरबारातल्या ७१ जागांपैकी ६० एकाच जातीकडे होत्या. ही विषमता आकड्यांत दिसत होती. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या.

तुम्ही स्वतः प्रबंध लिहीत असाल तर ते दोन पानी टिपण आत्ताच लिहायला घ्या. ते कुणाकडे आणि कोणत्या महिन्यात न्यायचं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.