भीती बोलून दाखवली म्हणून?

पत्र: "ताई, सलाम. माझं माहेर नवापूर तालुक्यात, सासर भुसावळला. नवरा रेल्वेत आहे. दीड वर्षात दोनदा गर्भ पडला. पहिल्या वेळी बुधवारच्या प्रार्थना सभेत मी बोलून गेले होते, 'भीती वाटते, हे टिकेल ना?' नंतर सभा चालवणाऱ्या मावशी म्हणाल्या, 'तूच तोंडाने घालवलंस. जीवन-मरण जिभेच्या हाती असतं, बायबलमध्ये नीतिसूत्रे 18:21 वाच.' दुसऱ्या वेळी मी रोज 'माझं बाळ सुखरूप आहे' एवढंच म्हणायचे. दहाव्या आठवड्यात रक्त दिसलं, तर तेही दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर अविश्वास होईल असं वाटलं. तरी गेलं. आता सासूबाई म्हणतात, मनातूनच विश्वास नव्हता. मला मोठ्याने प्रार्थना करता येत नाही. ओठ हलतात, आवाज निघत नाही. सभेला जाणं सोडू का? माझ्याच बोलण्याने झालं का हे?"

प्रिय मुली,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही. बोलण्याने झालं नाही आणि मनातल्या शंकेनेही नाही. दिवस गेल्याचं कळल्यावर शंभरातल्या दहा ते वीस जणींचा गर्भ पडतो, बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत. त्यातल्या निम्म्याच्या आसपास गर्भांच्या गुणसूत्रांतच बिघाड असतो. तो बीज रुजतानाच झालेला असतो, बुधवारची सभा भरण्याच्या कितीतरी आधी.

आता मावशींच्या वचनाकडे वळू. वचन खरं आहे, पण त्यांनी ते एकटंच उचललं. तो अठरावा अध्याय पूर्ण वाच. त्यात भांडणं आहेत, दुखावलेला भाऊ आहे, आधी बोलणाऱ्याची बाजू खरी वाटते आणि दुसरा आला की तपासली जाते, हे आहे. म्हणजे माणसं एकमेकांशी काय बोलतात आणि त्याने कोण उभं राहतं, कोण आडवं होतं, याबद्दल तो अध्याय बोलतो. तेराव्या ओवीत तर ऐकून घेण्याआधी उत्तर देणाऱ्याला मूर्ख म्हटलंय. (एकविसाव्याच्या पुढची ओवी सासूबाईंना आवर्जून दाखव. ज्याला बायको मिळाली त्याला चांगली वस्तू लाभली, असं ती म्हणते.)

भीती बोलली की गर्भ पडतो, हे पवित्र शास्त्रात कुठेही नाही. आपल्याकडे 'काळ्या जिभेची' म्हणून एखाद्या बाईला वाळीत टाकतात ना, तीच ही समजूत. फक्त हातात बायबल आलंय. तोंडाने कबूल करा आणि मिळवा, ही शिकवण विसाव्या शतकात अमेरिकेतल्या काही प्रचारकांनी रुजवली, आणि आता ती मोबाइलवरून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येते. ऐकायला गोड आहे. पण मूल गेलं की हिशेब आईच्या नावावर लिहिते, हा तिचा मोठा दोष.

शास्त्रात काय घडतं बघ. अब्राहामाच्या बायकोला, सारेला, म्हातारपणी सांगितलं, तुला मुलगा होईल, तर ती मनातल्या मनात हसली. विचारल्यावर हसले नाही म्हणून खोटंही बोलली. इसहाक झालाच. जखऱ्या तर याजक, मंदिरात उभा, समोर देवदूत, आणि तरी म्हणाला, हे कशावरून? त्याला शिक्षा झाली, बाळाचं नाव ठेवेपर्यंत वाचा गेली. पण त्याच्या बायकोच्या, अलीशिबेच्या, पोटातल्या जिवाला धक्का लागला नाही. शंका त्याने तोंडाने बोलून दाखवली होती, आणि तरीही देवाने तिचा सूड बाळावर उगवला नाही. मग भुसावळच्या एका घाबरलेल्या पोरीवर उगवेल?

शब्दांत ताकद नाही असं मी म्हणत नाही. उलट, फार आहे. मावशींच्या एका वाक्याने तू दोन दिवस रक्तस्राव लपवलास, एवढी आहे. ऐकून घे, लवकर सांगितलं असतंस तरी ते बाळ बहुधा वाचलं नसतं, कारण इतक्या लवकरच्या गर्भपातात डॉक्टरांच्याही हाती फारसं नसतं. पण तुझा जीव तरी जपायला हवा होता. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिला असता तर तेच दोन दिवस तुझ्या जिवावर बेतले असते. रक्तगट निगेटिव्ह असेल तर वेळेत एक इंजेक्शन घ्यावं लागू शकतं, तेही राहून गेलं असतं. बायबलमधल्या आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात याकोबाने जिभेला आग म्हटलंय, आणि एकाच तोंडातून आशीर्वाद आणि शाप निघतात म्हणून तो चिडलाय. तो इशारा त्याने विशेष करून शिक्षकांना दिलाय, म्हणजे सभा चालवणाऱ्यांना. दुःखात बसलेल्या बाईला नव्हे.

तुझ्या आवाजाबद्दल. बायबलमधली हन्ना, मूल होत नव्हतं म्हणून, शिलोच्या मंदिरात अशीच प्रार्थना करत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. घरी सवत टोचून बोलायची, आणि मंदिरात एली याजकाला वाटलं, बाई प्यालेली आहे. त्याने तिला झापलंही. ती गप्प राहिली नाही. सरळ म्हणाली, मी प्यालेली नाही, मन मोकळं करतेय. एलीचं मला एक आवडतं, त्याने लगेच शब्द फिरवला आणि म्हणाला, शांतीने जा. तुझी बिनआवाजाची प्रार्थना चालते. शब्द सुचले नाहीत तर स्तोत्र 88 उघड. त्याच्या शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी ते बायबलमध्ये आहे. नवऱ्याला वाचायला सांग, तू नुसती ऐक.

नवऱ्याशी बोलणं सर्वांत आधी. पत्रात तो रेल्वेत आहे एवढंच लिहिलंस, तो काय म्हणाला ते कुठेच नाही. त्याचंही मूल गेलंय. रात्रपाळी नसेल त्या दिवशी त्याला सगळं सांग, लपवलेले दोन दिवसही. आणि सासूबाईंशी त्याने बोलायचं, तू नाही. एवढंच म्हणावं, "आई, डॉक्टर सांगतील ते कारण. यापुढे घरात हिच्या विश्वासाचं नाव काढायचं नाही." आईला हे मुलाने सांगितलं तर लागतं आणि पटतं. सुनेने सांगितलं तर फक्त लागतं.

दोनदा झाल्यावर डॉक्टर थायरॉइड, साखर, रक्ताच्या गुठळ्यांशी संबंधित तपासण्या आणि गर्भाशयाची सोनोग्राफी सुचवतात. तुझं माहेर नवापूरकडचं, म्हणून आणखी एक सांगते. नंदुरबार पट्ट्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, बराच आढळतो. दोघांनीही ती तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात होते. दोघं वाहक निघालात तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, ते आधी माहीत असलेलं बरं. दोन गर्भपातांनंतरही बहुतेक बायकांना पुढे मूल होतं. हे मी धीर द्यायला सांगत नाही, तसं होतंच.

बुधवारची सभा सध्या सोड. रविवारची उपासना सोडू नकोस. पाळकांना किंवा त्यांच्या पत्नीला एकदा भेट आणि मावशी काय म्हणाल्या ते जसंच्या तसं सांग. ही चुगली होत नाही. तिथे उद्या दुसरी पोर बसणार आहे. मावशी दारात आल्या तर पाणी दे, चहा दे. त्यांनी विषय काढला तर म्हण, "मावशी, तुमच्या त्या बोलण्याने मी मोडले." आणि थांब. त्या माफी मागतील किंवा दुसरं वचन काढतील. वचन काढलं तर चहाचे कप उचलायला घे.

पुढे पुन्हा दिवस गेले आणि काही दिसलं, दुखलं, तर पहिला फोन दवाखान्यात, दुसरा नवऱ्याला. प्रार्थनेच्या ग्रुपवर टाकायचं की नाही, ते नंतर सवडीने ठरव.