नववीला फौजदारी न्याय शिकवताना

प्रश्न : नववीच्या वर्गाला फौजदारी न्यायप्रक्रिया दोन तासिकांत कशी शिकवावी?

उत्तर : कलमांपासून सुरुवात नको, मोबाइलचोरीची एकच काल्पनिक घटना घ्या. आधी मुलांकडून एफआयआर लिहून घ्या : वेळ, ठिकाण, काय गेलं, कुणी पाहिलं. बरीच मुलं ‘त्यानेच चोरला’ लिहून मोकळी होतात. तिथेच थांबा. पाहिलेलं आणि वाटलेलं वेगळं करायला लावा. खरा धडा हाच.

दुसऱ्या तासिकेत मुलांना भूमिका वाटून अटक वठवा : प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणं, वकिलाचा हक्क. आरोपपत्र पोलीस देतात, दोष न्यायालय ठरवतं. इथे हमखास गोंधळ होतो.

जुन्या नोट्स तपासा. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना जुन्या भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता लागू आहे. चोरीचं कलम आता जुनं ३७९ नव्हे, ३०३. आरोपीच्या भूमिकेसाठी चिठ्ठ्याच टाका, नाहीतर एखाद्याला ते नाव कायमचं चिकटतं.