तुझ्या पत्रातली शेवटून दुसरी ओळ

१० डिसेंबर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना डोळे भरून आले, कारण तुझ्या वेळची तुझ्या आईची अवस्था मला आठवते आहे आणि आता तुलाच दिवस गेलेत. दुसऱ्यांदा वाचलं ते सिस्टर म्हणून. चार पानं तू माहेरच्या माजघराबद्दल, तिथेच बाळंत व्हायचंय म्हणून, लिहिलीस: आजीची बाज, मंद दिवा, डोक्यावरून फिरणारा आईचा हात, आणि दवाखान्यातल्या त्या उंच टेबलाची भीती. मग शेवटून दुसऱ्या ओळीत, जाता जाता, 'रक्ताचे रिपोर्ट चांगले आहेत, गट ओ निगेटिव्ह आला.'

मी त्या ओळीवरच थांबले. तिच्याकडे परत येते. आधी आत्ताचं बोलू.

तुझी शेवटची पाळी २० ऑक्टोबरची. तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे, म्हणजे २७ जुलै. आज तुला सात आठवडे होऊन गेले. बाळ घरी की दवाखान्यात हे ठरवायला जुलैपर्यंत वेळ आहे, पण एक सोनोग्राफी याच आठवड्यात करून घे. गर्भ पिशवीतच रुजला आहे ना, ठोके दिसतात ना, आणि तारखा जुळतात ना, एवढंच त्यात पाहायचं. गर्भ नळीत राहिला तर सुरुवातीला सगळं नेहमीसारखंच वाटतं, मळमळसुद्धा होते. म्हणून पोटात एकाच बाजूला जोराची कळ, अंगावरून रक्त जाणं, घेरी, खांद्याच्या टोकाशी दुखणं, यातलं काही झालं तर रात्र असो की लग्नघर, उठायचं आणि दवाखाना गाठायचा.

फॉलिक ॲसिड चालू आहे हे बरं. ती गोळी खरं तर दिवस राहण्याआधीच सुरू करायची असते, कारण बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटतेसुद्धा. बाराव्या आठवड्यापर्यंत घे, मग लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या येतील. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नकोस, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको. उलट्यांना घाबरू नकोस. सकाळी उठण्याआधी कोरड्या भाकरीचा तुकडा किंवा कुरमुरे तोंडात टाक, एका वेळी पोटभर जेवू नकोस. पाण्याचा घोटही टिकेना आणि लघवी गडद, थोडी होऊ लागली तर मात्र सलाइन लागतं, तेव्हा 'डोहाळेच आहेत' म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस.

आणि तीन महिने कुणाला सांगायचं नाही ही जी रीत आहे, ती मला कधीच पटली नाही. कळलेल्या गरोदरपणांपैकी शंभरात दहा-पंधरा तरी पहिल्या तीन महिन्यांत टिकत नाहीत, बहुतेकदा गर्भाच्या गुणसूत्रांतच खोट असते म्हणून. पपईची फोड खाल्ल्यामुळे किंवा जिना चढल्यामुळे ते झालेलं नसतं. पण न सांगितलेलं दुःख बाई एकटीच गिळते आणि आयुष्यभर स्वतःला दोष देत राहते. माझ्या ओपीडीत पन्नाशीच्या बायका रडल्या आहेत अशा पंचवीस वर्षांपूर्वीच्या तीन महिन्यांवर. तू आईला अजून सांगितलं नाहीस असं लिहिलंयस. सांग.

आता माजघर.

तुला वाटत असेल, मावशी जन्मभर दवाखान्यात राबली, ती घराच्या विरोधातच बोलणार. तसं नाही. नोकरीची पहिली अकरा वर्षं मी सातपुड्यातल्या एका उपकेंद्रात काढली. तिथे बाळंतपणं घरीच व्हायची, मला बोलावणं आलं तर मी जायची. तिथली एक म्हातारी सुईण मला गुरूच्या ठिकाणी होती. अडाणी म्हणायची सगळी तिला. पण कळा देणाऱ्या बाईला ती कधी आडवी पाडायची नाही. आढ्याला दोर बांधून त्याला धरून उकिडवी बसवायची, मध्ये मध्ये फिरवायची, कोमट पाणी पाजायची, आणि स्वतः तिच्या पाठीला पाठ लावून तासन्‌तास बसायची. कुणाच्या अंगावर ओरडायची नाही. बाईला हवं त्या स्थितीत बाळंत होऊ द्यावं, सोबत तिच्या पसंतीचं माणूस असू द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८च्या मार्गदर्शनात लिहिलं तेव्हा मला ती म्हातारी आठवली.

पुढे मी शहरात आले. एका मोठ्या प्रसूतिकक्षात. नाव लिहीत नाही. तिथे एका खोलीत आठ टेबलं, मधे पडदेही नाहीत. पहिलटकरीण कळांनी ओरडली की मांडीवर चापट बसायची, आणि असलं काही ऐकवलं जायचं की ते मी तुझ्यासाठी कागदावर उतरवणार नाही. पहिली दोन वर्षं मी गप्प राहिले. चापट मी मारली नाही, पण मारणारीचा हातही धरला नाही. त्याची टोचणी अजून जात नाही. म्हणून तू 'मला तिथे माणूस म्हणून कुणी बघेल का' असं विचारतेस, तेव्हा मी तुला वेडी म्हणणार नाही. तुझी भीती ऐकीव नाही, ती बायकांच्या अंगावर घडलेली आहे.

पण सातपुड्यातली दुसरी एक रात्रही सांगते. रात्र कसली, दुपारच. तिसऱ्या खेपेची बाई, अंगाने चांगली, काही अडचण नाही. बाळ झालं, रडलं, वारही, म्हणजे नाळेमागची गादीही, पडली. सुईण हात धुवायला गेली. मी बाईच्या पोटावर हात ठेवला तर पिशवी गोळा व्हायच्या ऐवजी कणकेसारखी मऊ. आणि खालची गोधडी भिजत चाललेली. भरल्या दिवसांत पिशवीला दर मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास रक्त जातं. वार सुटल्यावर पिशवी आवळून त्या नसा मिटवते. ती आवळलीच नाही तर नळ उघडा राहतो. माझ्या पेटीत बर्फात ठेवलेलं ऑक्सिटोसिन, पिशवी आवळायचं इंजेक्शन, होतं, ते दिलं. पोट चोळत राहिले. बाळाला छातीशी लावलं. रक्त कमी झालं, पण थांबेना. ती वाचली ती एकाच गोष्टीमुळे: त्या दिवशी आठवडी बाजार होता, आणि म्हणून पायथ्याशी जीप उभी होती. तालुक्याला पोचेपर्यंत सव्वा तास तिची पिशवी मी मुठीने दाबून धरली होती. बाजार आदल्या दिवशी असता तर काय झालं असतं हे मी अनेक रात्री मोजलं आहे.

त्या बाईचा धोका आधी कुणालाच दिसला नसता, मलाही नाही. अशा रक्तस्रावातल्या बऱ्याच बायकांना आधी काही दुखणंखुपणं नसतं. आपल्या देशात बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांमध्ये रक्तस्राव हेच सगळ्यात मोठं कारण राहिलं आहे, आणि त्यात हातात असतात ते तास-दीड तास.

आता तुझी ओळ. तू ओ निगेटिव्ह आहेस. आपल्या लोकांत शंभरात पाचेक जणच निगेटिव्ह असतात, आणि ओ निगेटिव्हला फक्त ओ निगेटिव्हच रक्त चालतं. ते रक्तपेढीत कधी असतं, कधी फोन फिरवून आणावं लागतं. तुझं माहेर भोरच्या पलीकडे घाटाच्या तोंडाशी. २७ जुलै म्हणजे ऐन पाऊस. तुझ्या दादाला विचार, जुलैच्या रात्री दोन वाजता दरड आलेली नसताना पुणं गाठायला किती वेळ लागतो, आणि आलेली असताना किती.

दुसरं, बाळ पॉझिटिव्ह असलं तर बाळंतपणात त्याच्या रक्ताचे थेंब तुझ्या रक्तात मिसळतात, तुझं शरीर त्यांना परकं समजतं आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करून ठेवतं. या बाळाला सहसा काही होत नाही. पुढच्याला होतं. म्हणून अँटी-डी नावाचं इंजेक्शन असतं: एक अठ्ठाविसाव्या आठवड्यात, तुझ्या हिशेबाने मेच्या पहिल्या आठवड्यात, आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर एक जन्मानंतर ७२ तासांच्या आत. बाळाचा गट नाळेच्या रक्तातून कळतो. मधल्या काळात अंगावरून थोडंही रक्त गेलं, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य 'मी निगेटिव्ह आहे' हेच सांगायचं.

'आजीची सगळी बाळंतपणं घरीच झाली' असं तू लिहिलंस. माझ्याही आजीची झाली. किती मुलं, असं विचारलं की ती म्हणायची, 'नऊ झाली, पाच राहिली.' भाजी निवडता निवडता म्हणायची. महाराष्ट्रात २००४ ते ०६च्या सुमारास दर लाख जन्मांमागे १३० आया दगावत होत्या, २०१८ ते २०च्या मोजणीत तो आकडा ३३ वर आला. ते एका दवाखान्यामुळे झालं असं नाही. रस्ते, रक्त, १०८ची गाडी, मुलींची लग्नं उशिरा होणं, सगळ्याचा हात त्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरात नवजात बाळं वाचवून दाखवली, हेही मी विसरत नाही. शिकलेला हात झोपडीतही जीव वाचवतो. पण तो हात रक्ताची पिशवी निर्माण करू शकत नाही.

परदेशात बायका घरी सुखरूप बाळंत होतात असं तू वाचलंस, तेही खोटं नाही. इंग्लंडमध्ये २०११ साली चौसष्ट हजारांवर बाळंतपणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या निरोगी बायकांच्या बाळांना घरी जास्त धोका दिसला नाही. पहिलटकरणींचं वेगळं निघालं: बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा यांचं प्रमाण दवाखान्यात हजारी ५.३, घरी ९.३. आणि घरी सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी शंभरात ४५ जणींना दवाखान्यात हलवावं लागलं. तिथे घरी येते ती परवानाधारक मिडवाइफ, म्हणजे शिकलेली सुईण, औषधं आणि ऑक्सिजन घेऊन, आणि मागे गाडी तयार असते. आपल्याकडे अशी मिडवाइफ तयार करण्याचं सरकारने ठरवलं तेच २०१८ मध्ये. ती व्यवस्था घाटाच्या तोंडाशी नाही.

तर माझं मत स्पष्ट लिहिते. तुझं हे पहिलं बाळंतपण, या गटासह, या महिन्यात, माजघरात नको. तुझा गट पॉझिटिव्ह असता आणि माहेर दवाखान्यासमोर असतं, तरी पहिल्या खेपेला मी नकोच म्हटलं असतं, फक्त इतक्या तातडीने नसतं म्हटलं.

मात्र 'दवाखाना' म्हणजे जो समोर येईल तो, असं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१च्या, देशभरातल्या खासगी रुग्णालयांत शंभरातली ४७ बाळंतपणं सिझेरियनने झाली होती, सरकारीत १४. तेव्हा जानेवारीपासून दोन-तीन ठिकाणी जाऊन बस आणि विचार. रात्री दोनला ऑपरेशनची वेळ आली तर भूलतज्ज्ञ किती मिनिटांत येतो? ओ निगेटिव्ह रक्त कुठून आणता, आधी सांगून ठेवता येतं का? आई किंवा नवरा कळांच्या वेळी शेवटपर्यंत सोबत थांबेल का? सरकारी दवाखान्यांत सोबतीणीला केंद्र सरकारने २०१६ मध्येच परवानगी दिली आहे, खासगीत अजून ठिकठिकाणी वाद घालावा लागतो. मला फिरू द्याल का, पाणी पिऊ द्याल का, बाळाला वाट मोठी करायचा काप प्रत्येकीला देता की लागला तरच? बाळ रडलं की पुसून लगेच माझ्या छातीवर द्याल ना, की गुंडाळून दुसऱ्या खोलीत? हे विचारताना त्यांचा चेहरा बघ. जी डॉक्टर खुर्ची ओढून बसेल आणि उत्तर देईल, तिच्याकडे नाव नोंदव. 'ते आमच्यावर सोडा' म्हणणाऱ्याकडे नको.

आणि घर अजिबात सोडायचं नाहीये. पहिलटकरणीच्या कळा सुरू होतात तेव्हापासून खऱ्या जोरावर यायला अनेक तास जातात. ते तास घरीच काढ, दवाखान्यापासून अर्ध्या तासाच्या आतल्या घरी. फेऱ्या मार, आंघोळ कर, आईकडून कंबर चोळून घे, मऊ भात खा. दर पाच मिनिटांनी एक, मिनिटभर टिकणारी, आणि हे तासभर चाललं की निघायचं. पाणी गेलं, रक्त गेलं, किंवा बाळाची हालचाल मंदावली तर कळांची वाट न पाहता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचंच असेल तर माहेर पुण्यात आणू. तुझ्या आईने जूनअखेर तुझ्याकडे येऊन राहावं. ती येईल, मी तिला ओळखते. बाज, शेक, अळीव, डिंकाचे लाडू, सगळं नंतर माजघरात होऊ दे, सव्वा महिना. फक्त बाजेखाली धुराची शेगडी ठेवू नका, बाळाच्या छातीला सोसत नाही.

जानेवारीत अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातली सोनोग्राफी, मग फेब्रुवारीअखेर मोठी. त्या मोठीत वार कुठे चिकटली आहे ते कळेल, तो कागद मला पाठव. वार खाली असली तर आपण पुन्हा बोलू, कारण मग वरचं बरंचसं बदलेल.

आणि जावईबापूंचा रक्तगट तू कुठेच लिहिला नाहीस. तेही निगेटिव्ह असले तर बाळ निगेटिव्हच असेल आणि इंजेक्शनाची गरज उरणार नाही. उद्या सकाळी तपासून घ्यायला लाव आणि मला फोन कर. त्याआधी आज आईला कर.

तुझी,
मावशी